खटारवाडीचा पूल

घरातल्या तांब्याच्या बंबात मी एकदा दोरीचे तुकडे जाळले. वाखाच्या दोरीचे, टीचटीचभर, कोयत्यानं छाटलेले. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत भरून ते घरी आणले, बायको आडावर पाण्याला गेलेली बघून गोवऱ्यांबरोबर बंबात सारले आणि त्याच पाण्यानं आंघोळ करून जेवायला बसलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हेडमास्तरांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

त्या तुकड्यांपायी एका मुलाचा हात मोडला आणि एका मुलीच्या नावाला बट्टा लागला. हात जुळला. नावाचं काय झालं ते सांगतो.

गेल्या दिवाळीत आमची धाकटी मुलगी आत्याकडे धाडायचा फराळाचा डबा बांधत होती. सुतळी सुटली, झाकण उडालं, चकल्या फरशीवर फुटल्या. ती हसून म्हणाली, "घ्या! हौसाची गाठ झाली."

"हौसा कोण गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. सगळेच म्हणतात तसं. कोण होती हो, बाबा?"

मी चष्मा पुसत राहिलो. मुलीचा जन्म त्या सगळ्यानंतरचा. म्हणजे ज्यांनी तो पूल डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांच्याही तोंडात ते नाव जाऊन बसलं होतं. यंदा या दिवाळी अंकासाठी "नोकरीतले अनुभव लिहा" असा निरोप आला, तेव्हा आधी नकोच म्हणालो. ड्रिलमास्तराला कसले अनुभव? मग म्हटलं, लिहायचंच तर हे लिहावं.

ड्रिलमास्तर हा शाळेतल्या मास्तरांतला सगळ्यांत खालचा प्राणी. गणित बुडालं तर पालक भांडायला येतात. ड्रिल बुडाली तर पोरं पेढे वाटतील. खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी आणि "सावधान-विश्राम" एवढ्या भांडवलावर मी नोकरीला लागलो. आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडकडून सांगलीकडे येताना लागतं. नाव घालत नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली त्या दिवसांत आमच्या शाळेचं मैदान गेलं. त्यावर रेशनच्या धान्याची पत्र्याची शेड उभी राहिली. बदल्यात आम्हाला मिळाली नदीच्या वाटेवरची मोडीत निघालेली लाकडाची वखार. लढाई ऐन भरात असताना एका कंत्राटदारानं तिथं लष्कराचा माल साठवला होता. कामाचं होतं ते त्यानं उचलून नेलं आणि नको ते टाकून गेला. फुटकी खोकी, पिंपं, फाटक्या ताडपत्र्या, चाकं नसलेला एका लॉरीचा सांगाडा. गावातले कचऱ्याचे मोडके खटारेही वर्षानुवर्षं तिथंच येऊन पडत होते. मधोमध एक जुनी चिंच. पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं : खटारवाडी.

हेडमास्तर मला म्हणाले, "मोडकं सामान उचलायला माणसं मिळेपर्यंत एका कडेला ड्रिल घ्या. आणि कुणाच्या पायात खिळा जाऊ देऊ नका म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी मी रांगा लावल्या, शिट्टी मारली. "दाहिने देख!" म्हटल्यावर सगळी शाळा एकजात उजवीकडे बघायला लागली आणि परत समोर बघेचना. उजवीकडे तो ढिगारा होता.

मी तेव्हा पंचविशीत होतो. बालवीरांच्या शिबिरात शिकून आलेलो. मुलांना खेळायला साधन हवं हे मला कळत होतं, म्हणून सुताराला गळ घालून चांगल्या सागाचा एक सी-सॉ करून घेतला. गुळगुळीत, रंग दिलेला. पोरं दोन दिवस त्यावर बसली. आठवडाभरानं बघतो तर सी-सॉची फळी गायब. शोधता शोधता ती सापडली लॉरीच्या सांगाड्यात, दुकानाची फळी म्हणून आडवी टाकलेली. वर चिंचोके, खापऱ्या आणि मातीचे पेढे मांडून तिसरीतला एक पोरगा बसला होता.

"ही फळी कुणी काढली रे?"

"मास्तर, ती तिथं नुसती वरखालीच व्हत हुती," तो म्हणाला. "हितं कामाला आली."

मला राग यायला हवा होता. पण मी घरी जाताना त्याच वाक्याचा विचार करत गेलो. सागाच्या फळीला मी एकच काम नेमून दिलं होतं, ते पोरांना दोन दिवसांत कळलं आणि संपलं. मोडक्या खटाऱ्याचं मात्र तसं नव्हतं. तो एक दिवस कचेरी असे, दुसऱ्या दिवशी बैलाचा गोठा आणि तिसऱ्या दिवशी भूमिगतांचा अड्डा.

पुढं दिवाळी आली. आमच्याकडं दिवाळीला पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, हे वाचकांना सांगायला नको. पण अंगणातला किल्ला बाहेरून बघायचा असतो. या पोरांना आत जाऊन बसायचं होतं. सुट्टी लागली तरी ती वखारीत येऊ लागली आणि खोकी, पिंपं, चिखल घेऊन त्यांनी उंचीला माझ्या खांद्याला लागेल असा बुरूज उभा केला. तो रात्रीतून ढासळला. सकाळी त्यांनी तो पुन्हा केला, या वेळी पायाशी रुंद. मी चिंचेखाली बसून बघत होतो. शिट्टी खिशात होती. त्या दिवसानंतर खटारवाडीत ती बहुतेक वेळ खिशातच राहिली.

सुट्टी संपल्यावर मी हेडमास्तरांकडे जाऊन, सामान आणखी थोडे दिवस राहू द्या, अशी विनंती केली. ते म्हणाले, "राहील. माणसं मिळतायत कुठं? पण दिपोटी यायच्या आत जागा माणसांत आणा." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. ते नाव तेव्हा ज्यानं ऐकलंय, त्याला पुढचं सगळं आपोआप कळेल.

अशा जागेवर मास्तरानं करायचं काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत थोडं शिकलो. हातोड्या दोनच होत्या, आणि दोनच ठेवल्या. जास्त असत्या तर भांडणं मिटली असती, पण मग कुणी कुणाशी बोललं नसतं. खिळे मिळत नव्हते, लढाईनं सगळं लोखंड खाल्लं होतं. म्हणून मोडक्या खोक्यांतले वाकडे खिळे उपसून दगडावर सरळ करायचा एक कारखानाच निघाला. त्यात बसायचे ते बहुतेक वर्गात मागं राहणारे. पाढ्यांत अडखळणारा एक मुलगा वाकडा खिळा हातात घेऊन सांगायचा, "हा सरळ व्हईल. हा मोडंल." आणि तसंच व्हायचं. सगळ्यांत अवघड काम म्हणजे दिसत असताना न बोलणं. फळी उलटी लागतेय हे मला दिसायचं. तोंडापर्यंत शब्द यायचे. गिळायचो. थोड्या वेळानं ती फळी पडायची आणि पोरं आपसांत मोठ्यानं भांडून ती सुलटी करायची.

लोकही बघायला यायचे. नदीवरून येणारी एक म्हातारी तर मला नेहमी आठवते. पोरांनी वाटेवर नाका बसवला होता. ज्याचा बाप पलटणीत होता असा एक जण काठी आडवी धरून, पलटणीतला पहारेकरी 'कोण येतंय?' म्हणून पुकारतो तसा ओरडला, "हालट! हुकमदर!"

म्हातारीनं डोक्यावरची पाटी सावरली. "आरं मुडद्या, आज्जीला वळखत न्हाईस व्हय?"

"वळखतुया. पर परवलीचा शबुद सांग."

"परवलीचा?"

"त्याबिगर सोडायचं न्हाई. आडर हाय."

म्हातारीनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरगा लाल झाला आणि त्यानं मुकाट काठी बाजूला केली. तिनं काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर रोज ती नाक्यावर थांबायची आणि स्वतःच विचारायची, "आज काय शबुद हाय रं?"

आता हौसा.

गावाबाहेरच्या वस्तीत किसन म्हणून एक दोर वळणारा होता. घायपात कुजवून, बडवून त्याचा वाख काढायचा आणि त्याची दावी, कासरे, मोटेचे नाडे वळायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. हौसा त्याची मुलगी. चौथीत होती. वर्गात ती दाराशी, वेगळ्या तरटावर बसायची. तेव्हा ती रीत होती आणि मीही त्या वर्गावर बदलीला जात असे, तेव्हा ते तरट मला दिसत असून दिसत नसे. हेही लिहून टाकतो.

खटारवाडीत पहिले काही दिवस ती कडेलाच उभी राहायची. एक दिवस पोरं खोक्यांवर खोकी बांधून मनोरा करत होती आणि तो दर वेळी कलंडत होता. हौसा जवळ आली आणि म्हणाली, "आरं, ती गाठ न्हवं, ती गुतावळ हाय. सरा बाजूला."

तिनं सगळं सोडलं आणि नव्यानं बांधलं. मनोऱ्यावर तिघं चढली. तो हलला नाही.

त्या दिवसापासून खटारवाडीत कुठलंही बांधकाम "हौसा कुठाय?" असं विचारल्याशिवाय सुरू होईना. गुळाच्या अडत्याचा मुलगा वसंता हा शाळेचा मॉनिटर, इस्त्रीची टोपी घालणारा. तो तिला "हौसाबाई" म्हणू लागला, आधी चेष्टेनं आणि मग खरंच. तिनं हात लावलेली दोरी सगळ्यांच्या हातांतून फिरायची. तरटाची आठवण तिथं कुणाला होत नसे. अर्ध्या फर्लांगावर तीच पोरं, तीच शाळा, पण तिथं तरट होतं आणि इथं नव्हतं. हे कसं झालं याचं मला नवल वाटायचं. मी काहीच केलं नव्हतं. कदाचित म्हणूनच झालं असेल.

मग त्यांना पूल सुचला. चिंचेच्या दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्यापासून लॉरीच्या टपापर्यंत. उंची मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर. किसननं मोटेचे दोन जुने नाडे, मनगटाएवढे जाड दोर, दिले. ते दोन्ही बाजूंनी ताणून त्यांवर खोक्याच्या फळ्या बांधायच्या, प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना वाखाच्या दोरीची गाठ. सगळ्या गाठी हौसाच्या. खाली पोरांनी स्वतःच्या अकलेनं उसाच्या पाचटाचा हा एवढा ढीग घातला. "पडलं तर?" असं मी विचारण्याआधीच त्यांनी ते ठरवलं होतं. चौघं-पाच जण मुद्दाम उड्या मारून ढिगात पडून बघत होते, तो ढीग पुरतो का म्हणून.

पूल तयार झाला तेव्हा दिसायला भयंकर होता. प्रत्येक गाठीखाली टीचभर दोरी लोंबत होती. वाऱ्यावर सगळा पूल केसाळ जनावरासारखा दिसायचा.

मी हौसाला विचारलं, "ह्या शेपट्या कशाला एवढ्या लांब? कापून टाक की."

"आसू द्या मास्तर."

"अगं, पण का?"

तिनं एक दोरी बोटांत धरून दाखवली. "ह्यो वाख हाय. लय ताठ आसतुय, भार पडला की सरकतुया. सरकाया जागा दिली की सरकून सरकून गच्च बसतुया. जागाच न्हाई दिली तर कुटं जाईल बिचारा?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, लहान पोरगी, बापाचं ऐकून बोलते.

रोज शाळा सुटल्यावर पुलावर पहिली ती जायची. मधल्या फळीवर उभी राहून झोके द्यायची, एकेक गाठ हातानं चाचपायची आणि पलीकडं पोचल्यावर ओरडायची, "या रं!" तोवर कुणी पाय ठेवत नसे. हा नियम पोरांनीच केला होता.

आणि दिपोटी यायचे ठरले.

ज्यांनी दिपोटींची भेट अनुभवली आहे त्यांना माहीत आहे की त्या आठवड्यात शाळा शाळा राहत नाही, लग्नघर होतं. भिंतींना चुना, जमिनीला शेण, पोरांची नखं, मास्तरांच्या टोप्या. हेडमास्तर वखारीत येऊन पूल बघून गेले. त्यांना तो आवडला होता, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण ते म्हणाले, "साहेबांना दाखवण्याजोगं आहे हो हे. फक्त जरा नीटनेटकं करा. तो पाचटाचा उकिरडा कशाला? आणि त्या चिंध्या लोंबतायत त्या."

आदल्या संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर मी शिपायाला घेऊन गेलो. पाचट त्यानं पाटीपाटीनं उचलून नदीकडं नेलं. पुलावर शिडी लावून मी स्वतः चढलो. हातात कोयता होता. हौसाचं बोलणं मला आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं. पण मला त्या पुलाचा अभिमान वाटू लागला होता. मी काहीही न करता उभा राहिलेला तो पूल उद्या साहेबांसमोर माझा म्हणून दाखवला जाणार होता. तो देखणा दिसावा असं मला वाटत होतं. गाठींना मी हात लावला नाही. नुसत्या शेपट्या छाटल्या, गाठीच्या अगदी लगत. इतका सुबक दिसला पूल, की खाली उतरून मी दोनदा बघितला. तुकडे खाली पडले ते वेचून खिशात घातले. जमिनीवर कचरा नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दिपोटी आले. चांगले गृहस्थ होते. नाक्यावरच्या पोरानं त्यांनाही "हुकमदर" केलं तेव्हा खळखळून हसले. पूल बघून म्हणाले, "वा! कोणी जाऊन दाखवील का?"

हौसा वर्गाच्या रांगेत सगळ्यांत मागं उभी होती. तिला तिथं उभं केलं होतं. तिच्या अंगावर धड परकर नव्हता म्हणून. मला तिचा हात वर झालेला दिसला. हेडमास्तर म्हणाले, "वसंता, जा."

वसंता माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, हौसाबाई पहिली—"

मी म्हणालो, "जा, जा. साहेब थांबलेत."

तो पहिल्या फळीवरून गेला, दुसरीवरून गेला. मधल्या फळीवर त्यानं साहेबांकडं वळून नमस्कार केला. फळी एका बाजूनं सुटली, उलटली, आणि तो खाली आला. खाली शेणानं सारवलेली टणक जमीन होती. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

पुढचं पटकन लिहितो. हाडवैद्याला आणलं. वसंताचा बाप अडतीवरून धावत आला. मुलाकडं बघितलं आणि मग आमच्याकडं वळला. "कुणी बांधलं होतं हे? कुणाच्या हातच्या गाठी ह्या?"

 एकाही पोरानं नाव घेतलं नाही. ती मला आजही मोठी वाटतात.

मागून आवाज आला, "माज्या."

हौसा पुढं आली. रडत नव्हती. तिचे डोळे पुलावर होते. तिला ती सुटलेली फळी जवळून बघायची होती. दोन पावलं ती तिकडं गेलीसुद्धा. अडत्यानं हात उगारला. "लांब हो! हिला आत घेतली कुणी? दोर वळणाऱ्याची पोर आणि गाठ मारता येत नाही!"

माझा हात माझ्या खिशावर होता. सदरा कालचाच होता; तुकडे आदल्या दिवसापासून तिथंच होते. मला तेव्हा कळलं. आधी नाही, त्याच क्षणी. दिपोटी माझ्याकडं बघत होते, हेडमास्तर बघत होते, आणि मी म्हणालो, "लहान मुलंच ती. गाठ सुटली असेल."

तुकडे त्याच संध्याकाळी बंबात गेले.

आठवड्याभरात खटारवाडी रिकामी झाली. लॉरीचा सांगाडा भंगारवाल्यानं नेला, खटारे फोडून सरपण झालं, चिंचेला काटे बांधले. वसंताचा हात जुळला, पण कोपरात जरासा वाकडाच राहिला.

हौसा शाळेत यायची थांबली. मी एकदा वस्तीवर गेलो. किसन दाराबाहेर दोराला पीळ देत होता. त्याचं काम थांबलं नाही.

"किसन, पोरीला पाठव. शाळेत कोणी काही बोलणार नाही."

"आवं मास्तर, आमाला गावात ऱ्हायाचं हाय," तो म्हणाला. "अडत्याचा वाडा न् आमचं पोट एकाच रस्त्याला हाय. आन् गाठ सुटली म्हणत्यात. दोरवाल्याची गाठ सुटली म्हंजे मागं काय ऱ्हायलं?" पीळ देता देता तो थांबला. "म्या शिकिवलीया तिला गाठ. माज्या बापानं मला शिकिवली. आजवर सुटली न्हवती. कशी सुटली आसंल वो?"

मी म्हणालो, "काय सांगावं."

किसनचे दोर घेणं गावानं सोडून दिलं. पुढं ती माणसं दुसऱ्या गावाला गेली. मागं राहिलं ते "हौसाची गाठ". कुणाचं काम ऐनवेळी फसलं, कुणाचं लग्न मोडलं, सायकलची साखळी उतरली, की हे म्हणायचं. वसंता आज वकील आहे. वाकडा हात उंचावून तोच ते सगळ्यांत रंगवून सांगतो. मनात काही ठेवून नव्हे. त्याला ती आवडायची. माझ्यासमोरही सांगतो. मी हसतो.

मी अजून ड्रिल घेतो. शाळेला नवं मैदान मिळालं आहे, झोपाळे आहेत, लोखंडी घसरगुंडी आहे. पोरं थोडी खेळतात आणि मग कुंपणापलीकडच्या खणलेल्या चरात उतरतात. मी त्यांना हाकलत नाही. चराच्या तोंडाशी उभा राहतो, हात पाठीशी बांधून. नवे मास्तर मला विचारतात, तुम्ही तिथं काय बघत असता? सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बैलांच्या बेंदराच्या सणाआधी पलूसला बाजारात गेलो होतो. मेहुण्याच्या बैलांच्या तोंडाला बांधायला दोरीच्या म्होरक्या घ्यायच्या होत्या. दोरवाल्यांच्या रांगेत एक बाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. तोंडानं बोलणं चालू आणि हात आपले कासऱ्याला गाठ मारतायत, त्यांच्याकडं न बघता. हातांवरून ओळखलं मी तिला. तिनं मला शिट्टीवरून ओळखलं असावं; अजून गळ्यात असते.

"आवं, डिरीलमास्तर न्हवं?" ती उठली आणि डोक्यावर पदर घेतला. "बसा की. च्या सांगू?"

मला पळून जायचं होतं. बसलो. तिनं पोराबाळांचं सांगितलं. किसन गेला होता. मी म्होरक्या निवडल्या. ती बांधून देऊ लागली तर गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक.

"एवढी दोरी कशाला घालवतेस?" मी विचारलं.

"तवापास्नं दुहेरीच मारती," ती हसली. "दोर लय जातुय. मालक वराडत्यात. पर इस्वास बसत न्हाई." मग हात थांबवून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. खटारवाडीत एखादा मनोरा का कलंडला ते शोधताना ती अशीच बघायची. "मास्तर, येक इचारू? तुमी तितं हुता. ती गाठ कुटनं सुटली वो? म्या लय डोकं चालिवलं. बाबा मरस्तवर इचारायचा. मला कुणी जवळ जाऊच दिलं न्हाई, न्हाईतर म्या बघून सांगितलं आसतं."

बाजार भरलेला होता. बैलांच्या घंटा वाजत होत्या. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"रात्री दहिवर पडलं होतं," मी म्हणालो. "ओल्या वाखाला सुटली असेल."

तिनं विचार केला. मान हलवली. "न्हाई. ओला वाख तर आनखीनच आवळतुया." पण मास्तर सांगतायत म्हटल्यावर तिनं पुन्हा विचार केला. "आसंल बी," ती म्हणाली आणि म्होरक्यांवर तिसरी गाठ मारली.

ती जुडी मी घरी आणून सोडायला बसलो तर मला सुटेना. शेवटी मेहुण्यानं विळीनं कापली.

हौसा चौथीतून गेली. दिवाळी अंक तिच्या हाती पडायचा नाही. म्हणजे हे इथं लिहून माझं काही फिटलेलं नाही. फार तर आमची धाकटी वाचील आणि ते शब्द तोंडातून काढून टाकील. वसंता वाचील आणि त्याला त्याची गोष्ट बदलावी लागेल. त्यानं मला जे बोलायचं ते बोलावं.

हौसाला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून द्यायचं आहे. तिची गाठ बरोबर होती, शेपट्या मी छाटल्या, आणि खालचं पाचटही मीच उचलायला लावलं. पलूसच्या बाजारात, दोरवाल्यांच्या रांगेत, चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हे मला तिला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.